साखळदंडांपुढचा ब्रुनेल

लंडनच्या मिलवॉल भागात, थेम्सकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात रॉबर्ट हाउलेट याने नोव्हेंबर १८५७मध्ये इंजिनिअर इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल याचे छायाचित्र काढले. नदीकाठच्या या चित्रात नदी दिसत नाही आणि जहाजही नाही. पाठीमागे आहेत ते ड्रमला वेटोळे घालून बसलेले अजस्र साखळदंड. पुढे एक्कावन्न वर्षांचा ब्रुनेल उभा आहे: हात खिशात, तोंडात चिरूट, डोक्यावर उंच हॅट. विजार चुरगळलेली, तिच्यावर आणि बुटांवर चिखलाचे डाग. पडदे आणि नकली खांब मांडून, ठेवणीतल्या कपड्यांत फोटो काढून घेण्याच्या त्या काळात हा चिखल पुसला गेला नाही, हेच विशेष.

त्या काळी काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन धुवायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे अंधाऱ्या खोलीचा (डार्करूमचा) सरंजाम चित्रस्थळीच लागे. एवढ्या खटपटीतून उमटलेला बारकावा मात्र अस्सल: कड्यांमधल्या सावल्याही वेगळ्या ओळखता येतात.

हे साखळदंड ब्रुनेलच्या ताकदीचे प्रतीक म्हणून पाहिले जातात. प्रत्यक्षात त्यांचे काम ओढण्याचे नव्हते, आवरण्याचे होते. ब्रुनेल तिथे बांधत असलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ ही आगबोट ६९२ फूट लांब. टोकाकडून सोडली तर समोरच्या काठावर आदळावी, इतकी नदी तिथे अरुंद. म्हणून तिला आडवीच उतारावरून घसरवायचे ठरले, आणि वेग आटोक्यात राहावा म्हणून ब्रेक लावलेल्या ड्रमांवर हे साखळदंड गुंडाळले. ३ नोव्हेंबरला जहाज अचानक सरकले, एक ड्रम गरकन फिरला आणि त्याच्या दांड्यांनी मजूर उडवले. त्यात जीवही गेले. मग जहाज हलेचना. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जॅकांनी रेटत रेटत ते ३१ जानेवारी १८५८ रोजी तरंगले. चित्रातला ऐटदार माणूस उभा आहे तो या फजितीच्या दिवसांत.

हाउलेट १८५८मध्ये, तर ब्रुनेल १८५९मध्ये वारला. वाटेत कोळसा न भरता पूर्वेकडे जाण्यासाठी बांधलेले हे जहाज त्या मार्गावर प्रवासी घेऊन कधी धावलेच नाही. पुढे ते समुद्राखालच्या तारा टाकण्याच्या कामी आले. १८७०मध्ये मुंबई ते एडन ही तार त्यानेच टाकली.