कंदील भिंतीवर चढतो तेव्हा

कंदिलाला छप्पर असतं ते पावसासाठी. काच वाऱ्यासाठी, काचेभोवतीची तार धक्क्यासाठी आणि वरची कडी हातात धरण्यासाठी. दिवाणखान्यात वारा नाही, पाऊस नाही आणि दिवा उचलून गोठ्यात जायचं नाही. तरीही कंदिलाच्या घाटाचे वॉल लाइट आज फ्लॅटच्या पॅसेजमध्ये, जिन्यावर, देवघराशेजारी सर्रास दिसतात. दुकानदार ते ‘वाड्याचा लूक’ म्हणून विकतो. तेवढं मात्र खरं नाही.

वाड्यातला दिवा बहुतेक भिंतीवर नसायचाच, भिंतीत असायचा. हात-दीड हात जाडीच्या भिंतीत कोनाडे आणि देवळ्या सहज निघत. पणती किंवा चिमणी आत बसे, वारा लागत नसे, काजळी कोनाड्याच्या माथ्यावर धरे. समई जमिनीवर, लामणदिवा साखळीला, श्रीमंताघरी हंड्याझुंबरं तुळईला. रॉकेल आल्यावर कंदील आला, तोही घरभर हिंडणारा. संध्याकाळी ओटीवर, मग माजघरात, रात्री परसात. खुंटीवर तो विसाव्यापुरताच टांगलेला असे. आजच्या चार-सहा इंची भिंतीत कोनाडा खणायला जागाच नाही, म्हणून दिवा भिंतीतून बाहेर आला, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

भिंतीला कायमचा जखडलेला कंदील आला तो पाश्चात्त्य घरांच्या दाराबाहेरून. घोडागाडीच्या दोन्ही अंगांना लावायचे दिवे, रस्त्यावरचे काचबंद गॅसदिवे, पोर्चच्या खांबांवरचे दिवे, या सगळ्यांचा घाट एकच. आपल्याकडेही मुंबईच्या काही रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. पुढे वीज आली, वात गेली, पण छप्पर आणि काच राहिली. बंगल्याच्या पोर्चमधला तोच दिवा आता उंबरा ओलांडून आत आला आहे.

हातातल्या कंदिलाची गोष्ट वेगळी, आणि महाराष्ट्रापुरती फार मोठी. १८६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन आयर्विनने नळ्यांच्या कंदिलाची युक्ती काढली. डीट्झ कंपनीने तिचा पसारा वाढवला. काचेच्या दोन्ही बाजूंच्या त्या वाकड्या नळ्या अनेकांना नुसता सांगाडा वाटतो. प्रत्यक्षात त्या कंदिलाच्या श्वासनलिका आहेत. सुधारलेल्या प्रकारात वरून ताजी हवा नळ्यांतून खाली बर्नरपर्यंत जाते आणि तापलेली हवा मधल्या धुराड्याने वर निघते. म्हणून वादळी वाऱ्यातही ज्योत टिकते आणि उजळ जळते.

असे कंदील परदेशातून येत, तेव्हा स्वदेशीच्या पिढीला काचेचंच वेड लागलं होतं. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभारला आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. काच ओतणारे, फुंकणारे कारागीर तयार करणं हीच मोठी गरज होती. पुढे १९१६ साली कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी ओगले ग्लास वर्क्स उभारलं. औंधच्याच आश्रयाने किर्लोस्करवाडी १९१०मध्ये वसली होती. त्या छोट्या संस्थानाने दोन औद्योगिक वाड्या पोसल्या, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारच थोडक्यात उरकलं जातं. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला. कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. ज्यांना ‘आपल्या मातीतला’ कंदील हवा असतो, त्यांना परदेशी कोच-लँपची नक्कल घ्यावी लागते आणि ‘प्रभाकर’ माळ्यावर पडून असतो, याची मला गंमत वाटते.

तो माळ्यावरचा कंदील वायर ओढून भिंतीवर लावता येतो. पण रॉकेल भरून बंद खोलीत पेटवू नये. धूर, आग आणि कार्बन मोनॉक्साइड, तिन्हींचा धोका आहे. शिवाय त्याचा उजेड आपल्याला आठवतो तेवढा नव्हताच. चांगला कंदील साधारण दहा मेणबत्त्यांइतका. साठ वॉटच्या जुन्या बल्बच्या तोडीचा एलईडी ८०० ल्युमेनचा असतो. तो उजेड चहूकडे सारखा पसरला तर प्रत्येक दिशेला चौसष्ट-एक मेणबत्त्यांइतका भरतो. म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर, पारदर्शक काचेत, सहा कंदील एकदम! ‘दिवा छान आहे, पण डोळ्यांत घुसतो’ ही तक्रार इथून सुरू होते. दोन ते चार वॉटचा, २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब पुरतो. ज्योतीचा रंग याहूनही तांबूस, दोन हजार केल्विनच्या आसपास.

काच साधी असेल तर जाळीच्या सावल्या भिंतीवर धारदार उमटतात. पॅसेजमध्ये त्या शोभतात, वाचायच्या खुर्चीशेजारी वैताग देतात. तिथे दुधी काच बरी. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले दिसतात. त्यांतून येणारा उजेड पाहिलेल्या माणसाला दुधी काच का हवी, हे सांगावं लागणार नाही. आणि मागे चकाकता पत्रा असावा. युरोपात मेणबत्तीच्या भिंतदिव्यामागे घासलेलं पितळ किंवा आरसा लावत, तो एका ज्योतीचा उजेड वाढवायला. पुण्याच्या तांबट आळीतला, हातोडीच्या ठोक्यांनी मठारलेला तांब्याचा पत्रा हे काम देखणं करील.

जागेबद्दल मात्र मी कडक आहे. कंदील भिंतीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे येतो. अमेरिकेत सार्वजनिक वाटांसाठी नियम आहे: जमिनीपासून ६९ ते २०३ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात भिंतीवरची वस्तू दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ नये, कारण दृष्टिहीन माणसाच्या काठीला ती लागत नाही, थेट कपाळाला लागते. आपल्या तीन फुटी पॅसेजमध्ये तर गादी, कपाट, पाहुण्यांच्या बॅगा, सगळंच जातं. तिथे अर्धा, भिंतीला चपटा बसणारा कंदील घ्या, नाहीतर वर चढवा.

वायरमनला दोन गोष्टी आधी विचाराव्यात. धातूच्या बॉडीला अर्थिंग हवं, आणि जुन्या घरांच्या लाइट पॉइंटला बहुधा दोनच वायरी असतात, तिसरी नसते. रंगकाम झाल्यावर भिंत खाचण्यापेक्षा आधीच पाइप टाकून घेतलेला बरा. दुसरं, होल्डर पिनचा की आट्यांचा. आयात मालात आट्यांचा असतो, आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात पटकन मिळतो तो पिनचा बल्ब. घट्ट बंद कंदिलात एलईडीची उष्णता कोंडते आणि बल्ब लवकर जातो. आत पाऊस येत नसल्याने पाणीरोधक, आयपी ४४ दर्जाचा दिवा घेण्याचं कारणही नाही. खाली-वर हवेला वाट असलेला साधा दिवा जास्त टिकतो.

पूर्वी रोज तिन्हीसांजेला राखेने काच पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असे. आता काजळी नाही, पण जूनच्या पहिल्या पावसानंतर पाखरं काचेत शिरतात आणि तळाशी साचतात. म्हणून दुकानातच दुकानदाराला काच उघडून दाखवायला सांगावं. चार बारीक स्क्रू काढल्याशिवाय ती निघत नसेल, तर तो दिवा तिथेच ठेवून यावा.