पुण्याची ‘राजी’, औंढ्याचा नागनाथ

युबिसॉफ्ट क्युबेकचा ‘इमॉर्टल्स फेनिक्स रायझिंग’ हा ओपन वर्ल्ड गेम ३ डिसेंबर २०२० रोजी आला. टायफनने नामोहरम केलेल्या ग्रीक देवांना फेनिक्स सोडवते आणि ती कथा झ्यूस व प्रोमिथिअस एकमेकांना टोमणे मारत सांगतात. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. त्यात निवेदन दुर्गा आणि विष्णूचं. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला राजी निघते. मधले प्रसंग छाया-बाहुल्यांतून उलगडतात. इथे नकाशा खुला नाही, वाट ठरलेली; तरी ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी नामांकन मिळालं. छोट्या चमूची ही मोठीच मजल.

असा गेम हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथवर व्हावा, असं मनापासून वाटतं. ज्योतिर्लिंगाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागे राहिला, अशी आख्यायिका. खेळाडूला देऊळ फिरवायला लावणारं कोडं त्यात तयारच आहे.