चेटकिणीचं दुकान

सबमिशन तोंडावर आलं की मला हमखास कादंबऱ्या आठवतात. या वेळीही तेच झालं. डेझर्टेशनसाठी संदर्भ शोधायला अप्पा बळवंत चौकात गेले आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ‘सेकंडहॅण्ड स्पिरिट्स’ नावाची कादंबरी घेऊन आले. नावात सेकंडहॅण्ड, पुस्तकही सेकंडहॅण्ड! रात्री दोन वाजता केस मोकळे सोडून वाचत बसले होते, तर रूममेट उठली आणि दचकलीच. “काय गं, चेटकिणीसारखी बसलीयेस!” आम्ही दोघी खूप हसलो. गंमत म्हणजे पुस्तक चेटकिणीचंच होतं.

ज्युलिएट ब्लॅकवेल या अमेरिकन लेखिकेची ही २००९ची कादंबरी, ‘विचक्राफ्ट मिस्टरी’ मालिकेतली पहिली. नायिका लिली आयव्हरी जन्मजात चेटकीण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात तिचं जुन्या, विंटेज कपड्यांचं दुकान आहे. १९६७मध्ये हिप्पींनी गाजवलेला हाच तो भाग. तिथे कोण कसं राहतं, याची कुणाला पडलेली नसते. टेक्सासमधल्या छोट्या गावातून आलेल्या लिलीला नेमकं हेच हवं असतं. कपडा हातात घेतला की तो आधी कुणी घातला, ते माणूस सुखात होतं की दुःखात, हे तिला जाणवतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय शोभेल, यापेक्षा काय मानवेल, हे ती आधी बघते. सोबतीला ऑस्कर नावाचं प्राणी-कम-पिशाच्च. चारचौघांत तो डुकराचं रूप घेऊन वावरतो!

सगळं सुरळीत चाललेलं असताना तिच्या एका ग्राहक बाईचा खून होतो. शहरातली मुलं गायब व्हायला लागतात. लिलीला संशय येतो, तो मेक्सिकन लोककथेतल्या ‘ला योरोना’चा, म्हणजे आपल्या मुलांसाठी रडत फिरणाऱ्या बाईच्या भुताचा. पुढचं सांगत नाही. स्पॉयलर दिला तर शिव्या खाईन.

अशा पुस्तकांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. खून होतो, पण रक्ताचे सडे नसतात. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते. तिचं बेकरी, चहाचं किंवा पुस्तकांचं दुकान असतं. १९३०मध्ये अगाथा ख्रिस्तीने ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’मध्ये विणकाम करणाऱ्या मिस मार्पलला आणलं, त्याच घराण्यातली ही मंडळी. पण दुकानच का? आपल्याकडची बोहारीण आठवा. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देता देता कुणाच्या घरी लग्न ठरलं, कुणाचं बिनसलं, कुणाचे आजोबा गेले, सगळं तिला कळायचं. दुकानदाराशी लोक बोलतात. पोलिसांशी बोलताना तेच लोक गप्प होतात.

मला मात्र पुस्तकातली दुसरीच गोष्ट चटका लावून गेली. मूल हरवलं की जुन्या गोष्टींमध्ये संशय कुणावर जातो? चेटकिणीवर. इथे चेटकीणच मूल शोधायला निघते. पण शोधायचं म्हणजे आपल्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे सांगावं लागणार. मग आपण कोण आहोत, ते लपणार नाही. नवं शहर, दुकान, मैत्रिणी, सगळं पणाला लागणार. भुतापेक्षा लिलीला याचीच भीती जास्त वाटते.

ही भीती उगाच नाही. १६९२मध्ये अमेरिकेतल्याच सेलम इथल्या खटल्यांमध्ये १९ जणांना चेटूक केल्याबद्दल फाशी दिलं गेलं. आरोप झालेल्यांमध्ये एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर नावाची मुलगी होती. वय २२. माझ्याएवढीच. तिलाही फाशीची शिक्षा झाली, पण गव्हर्नरच्या हस्तक्षेपामुळे ती वाचली. बाकीच्यांच्या नावांवरचा डाग पुढे हळूहळू पुसला गेला, हिचं नाव मात्र राहून गेलं. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला वंशजही नव्हते. शेवटी नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीतल्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय हाती घेतला, आमदारांना पत्रं लिहिली. २०२२मध्ये ती अधिकृतपणे निर्दोष ठरली. तब्बल ३२९ वर्षांनी!

आणि आपल्याकडे? नंदुरबारकडच्या सातपुड्यात आजही एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण होते, गाव सोडायला लावलं जातं. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, की बोट तिच्याकडे. असा आरोप करून कुणाचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. आपण आठवी-नववीत असताना नागरिकशास्त्र म्हणजे ‘वीस मार्कांचा विषय’ म्हणून सोडून द्यायचो ना? मला ती नॉर्थ अँडोव्हरची मुलं आठवत राहतात.

लिलीची गोष्ट मनोरंजनासाठीच आहे आणि ती मस्त करमणूक करते. जादू खरी मानायची गरज नाही. चेटकीण म्हणवली गेलेली बाई गोष्टीच्या मध्यभागी उभी राहून स्वतः बोलते, हे वाचायला मला आवडलं.

पुस्तक आता रूममेटकडे आहे. परवा रात्री दोनला तिच्या टेबलावरचा दिवा चालू होता. केस मोकळे, पाय खुर्चीवर. तिचाच डायलॉग तिला परत मारायची चांगली संधी होती. तोंडापर्यंत आलाही होता. पण मी नुसतं विचारलं, “कुठवर आलीस?”