जोखमीचा भत्ता आणि हजेरीपटावरचं नाव

नवीन पनवेल ओलांडून माथेरान रस्त्याने पुढे आलं की सुकापूर लागतं. इमारती तशाच, दुकानं तशीच, सकाळची घंटागाडीही तशीच. पण नवीन पनवेल महापालिकेत आहे आणि सुकापूर पाली देवद ग्रामपंचायतीत. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिका झाली, आजूबाजूची अनेक गावं तिच्यात गेली, सुकापूर बाहेर राहिलं. जमिनीचं नियोजन विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र म्हणून सिडकोकडे आणि गावचा कारभार ग्रामपंचायतीकडे, अशी इथली विभागणी. शहराएवढा कचरा उचलायचा आणि शहराच्या आस्थापनेवर मात्र नाव नाही, ही कामगाराची स्थिती अशा सीमेवरच्या गावात लगेच ध्यानात येते. म्हणूनच त्यांच्या पगाराबद्दल आणि जोखमीच्या भत्त्याबद्दल इथे सहज बोलली जाणारी काही वाक्यं तपासून पाहायला हवीत.

‘सफाईवाल्यांना आता भरपूर पगार आहे.’

भरपूर पगार आहे तो कायम कामगाराला. त्याला वेतन आयोग लागू होतो, वैद्यकीय रजा मिळते, महापालिकांमध्ये घाणभत्ता, धुलाई भत्ता असे भत्तेही असतात. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्याच्या वारसाला नोकरीत हक्क आहे. 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने या वारसाहक्काच्या तरतुदी एकत्र केल्या. घंटागाडीच्या मागे लटकून जाणारा मुलगा बहुतेक वेळा कंत्राटदाराचा असतो आणि त्याचा हिशेब किमान वेतनापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. त्यातही मेख आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात ‘ग्रामपंचायत वगळून स्थानिक प्राधिकरण’ आणि ‘ग्रामपंचायत’ अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या आणि त्यांचे दरही वेगळे. म्हणजे रस्त्याच्या या टोकाचा आणि त्या टोकाचा झाडू कायद्याच्या लेखी सारखा नव्हता. कचऱ्यातली काच मात्र दोघांच्या हातात सारखीच घुसते.

‘जोखमीचा भत्ता हे युनियनचं खूळ आहे.’

हे खूळ संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात लिहिलेलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम 6 पाहा. किमान वेतन ठरवताना कामगाराचं कौशल्य आणि प्रदेश पाहायचा, शिवाय कामाचा खडतरपणाही विचारात घेता येतो. सोसायला कठीण असं तापमान वा दमटपणा, धोक्याचा व्यवसाय, जमिनीखालचं काम, असे त्याचे प्रकार तिथे नमूद आहेत. तेव्हा धोक्याचा मोबदला ही कल्पना कायद्याला परकी नाही. उणीव दुसरीच आहे. कायदा ‘विचारात घेता येईल’ म्हणतो, ‘घ्यावाच लागेल’ म्हणत नाही. सरकारने मनावर घेतलं तरच त्या ओळीचे रुपये होतात.

‘कोविडमध्ये सगळ्यांना 50 लाख मिळाले की!’

29 मे 2020 च्या राज्याच्या शासन निर्णयाने कोविडच्या कामावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला 50 लाखांचं सानुग्रह सहाय्य देऊ केलं. त्यात कंत्राटी, रोजंदारीचे आणि बाह्यस्रोतातून घेतलेले कर्मचारीही धरले होते, ही खरोखर चांगली गोष्ट होती. पण अट अशी होती की रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या 14 दिवसांत तो कामावर हजर असल्याचं सिद्ध व्हायला हवं. कायम कामगाराचा हजेरीपट कार्यालयात असतो. कंत्राटदाराच्या माणसाची हजेरी मुकादमाच्या वहीत असते, कधी तीही नसते. ज्याने ऐन टाळेबंदीत कचरा उचलला, त्याच्या बायकोला नवरा कामावर होता हेच आधी शाबीत करावं लागत होतं. भत्ता, विमा, भरपाई या सगळ्यांची वाट त्या हजेरीपटावरून जाते, आणि मला वाटतं, आपण भत्त्याच्या रकमेवर जितकं भांडतो तितकं त्या नावाच्या नोंदीवर भांडत नाही.

मुंबईचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवावं असं आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढा दिला. कंत्राट हा केवळ देखावा आहे, खरा मालक महापालिकाच आहे, असं औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये मान्य केलं. उच्च न्यायालयात तेच टिकलं आणि 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निवाडा कायम ठेवला. त्यानंतरसुद्धा यादीतलं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव जुळत नाही म्हणून शेकडो कामगार ताटकळले. निकाल हातात आणि नोकरी नाही! निरक्षर माणसाचं नाव कोणी घाईघाईत यादीत उतरवलं असेल, त्याची किंमत त्याने का मोजायची?

‘कंत्राटदाराची माणसं, आपला काय संबंध?’

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात मूळ मालकाची जबाबदारी स्पष्ट होती. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. मात्र त्याच संहितेत एक पळवाट आहे. मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमायला ती मनाई करते आणि सफाईला ‘मुख्य काम’ मानत नाही, संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आता गाव वा शहर स्वच्छ ठेवणं हे ग्रामपंचायतीचं आणि महापालिकेचं मुख्य काम नसेल तर कोणतं आहे?

‘हातमोजे देतात, हेच घालत नाहीत.’

सकाळी साडेसातला एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी दहा मिनिटं थांबून पाहा. ओला-सुका एकत्र बांधलेली पिशवी गाडीत रिकामी करायची, तर गाठ सुटत नाही म्हणून ती फाडावी लागते. पातळ रबरी मोजा ओल्या पिशवीवरून घसरतो. जून-जुलैच्या दमटपणात आत घाम साचून बोटं पांढरी पडतात. आठवड्यात मोजा फाटतो आणि नवा महिन्याने येतो. पिशवीत दाढीचं पातं, फुटलेला बल्ब, मधुमेहाच्या रुग्णाची सुई, कागदात न गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड. 2016 च्या घनकचरा नियमांनी कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य बूट आणि मास्क मिळतील हे पाहण्याचं काम स्थानिक संस्थेवर टाकलं. त्याच नियमांनी सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी घरावर टाकली. त्या हातावरचा निम्मा धोका आपल्या स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून जातो. तो कमी करायला ना निविदा लागते, ना ठराव.

‘टाकीत उतरायला तो स्वतःच तयार झाला, आपण जादा पैसेही दिले.’

भुयारी गटार न पोचलेल्या भागात इमारतीचा मैला सेप्टिक टाकीत जातो. टाकी तुंबली की सोसायटी कुणाला तरी बोलावते, पाचशे-हजार जास्त देते आणि माणूस आत उतरतो. इथे जादा पैसे हा जोखमीचा भत्ता नाही, तो गुन्ह्याचा भाग आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याचं कलम 7 सांगतं की संरक्षक साधनं आणि सुरक्षेची खबरदारी यांशिवाय गटार वा सेप्टिक टाकीच्या सफाईला कोणीही कुणाला लावायचं नाही, प्रत्यक्षही नाही आणि दुसऱ्याकरवीही नाही. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणसाची संमती हा यात बचाव नाही.

‘झाकण तासभर उघडं ठेवलं, वास गेला, म्हणजे वायू गेला’ हा समज तर जीवघेणा आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे वास येईनासा होणं हे सर्वांत वाईट लक्षण असू शकतं. गाळ ढवळला की आणखी वायू सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

केंद्र सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे 2019 ते 2023 या काळात अशा सफाईत 377 जण मेले. 2022 आणि 2023 मधल्या 54 मृत्यूंची सामाजिक तपासणी झाली, तेव्हा 49 जणांच्या अंगावर कोणतंही संरक्षक साधन नव्हतं आणि 38 जणांना कुणीतरी परस्पर कामावर बोलावलं होतं. परस्पर बोलावलेल्या माणसाचा हजेरीपट कुठून असणार?

भरपाई मात्र त्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये ठरवले आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ते 30 लाख केले. कायमच्या अपंगत्वाला किमान 20 लाख. खाजगी सोसायटी असली तरी सुटका नाही. गोवंडीत डिसेंबर 2019 मध्ये एका खाजगी गृहसंकुलाच्या टाकीत तिघे गेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर 2021 मध्ये प्रत्येकीला 10 लाख द्यायचा आदेश सरकारला झाला. ही रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करायची मुभा सरकारला आहे. आपली सोसायटी या वसुलीच्या टप्प्यात येते, हे प्रत्येक सेक्रेटरीने आणि चेअरमनने माहीत करून घ्यावं. यंत्राची गाडी मागवायला जास्त पैसे पडतात म्हणून माणूस उतरवणं हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

‘भत्ता वाढवला की प्रश्न मिटला.’

अर्धाच मिटतो. भत्ता धोका कमी करत नाही, त्याची फक्त दखल घेतो. ती दखल घेतली जावी, नक्कीच, आणि तीही कायम-कंत्राटी भेद न करता. पण सोबत वर्षाची वैद्यकीय तपासणी हवी, धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस-बीची लस हवी, सुई टोचली तर त्या दिवशीची मजुरी न कापता दवाखान्यात जाता आलं पाहिजे.

सुकापुरात याची सुरुवात करायला जागा आहे, ती म्हणजे ग्रामसभा. तिथे रस्ते, पाणी आणि दिवे यांच्याबरोबर चार प्रश्न नोंदवून घेता येतात. घंटागाडीवरच्या कामगारांची यादी ग्रामपंचायतीकडे आहे का? मजुरी बँकेत जमा होते का आणि पगारपत्रक मिळतं का? प्रत्येकाचा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे का, आणि ईएसआयसी लागू असेल तर कार्ड हातात आहे का? पुढच्या निविदेत हातमोजे, बूट, लस आणि जोखमीचा भत्ता यांची स्वतंत्र रक्कम धरणार का? उत्तरं तोंडी नकोत, इतिवृत्तात हवीत.