खेळण्यांतील मोटारीची संथ चाल

नांदगावच्या स्थानकांतून भुसावळकडे सुटणारी जड गाडी उडी घेत नाहीं. तिचा वेग हळूहळू वाढतो. मुलांनीं लेगोच्या विटा जोडून केलेली आगगाडी मात्र पुष्कळदां आधीं हलतच नाहीं, आणि मग हिसका देऊन पळूं लागते. असें कां व्हावें?

वेग आंवरण्याचा जुना उपाय म्हणजे विजेच्या वाटेंत रोधक तार घालणें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी प्रथम धावली. १५०० व्होल्टच्या त्या पद्धतींत गाडी सुटतांना रोधक जोडीत, व वेग येतां ते टप्प्याटप्प्यानें वगळीत. परंतु रोधकांत वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. शिवाय थांबलेली मोटार अधिक प्रवाह ओढते, त्यामुळें रोधकांतच दाब खर्चीं पडतो. जोर हवा तेव्हांच तो मिळत नाहीं.

हल्लींच्या खेळण्यांत दाब पूर्णच देतात, पण तुटक तुटक; सेकंदांत शेंकडों वेळां वीज चालू-बंद होते. चालू काळ निम्मा ठेवल्यास ९ व्होल्टची सरासरी साडेचार होते. फिरता गाभा इतक्या त्वरेनें थांबूं शकत नाहीं; म्हणून चाल अखंड राहते. चालू काळ थोडा थोडा वाढविला कीं हिसकाहि जातो.

अतिमंद चालीसाठीं दांतेरी चक्रें उत्तम. आठ दांत्यांच्या चक्रानें चोवीस दांत्यांचें चक्र फिरविल्यास वेग एकतृतीयांश होतो, आणि घर्षण वगळतां फिरविण्याचा जोर तिप्पट. चाल मंद करावी, ती जोर राखून.