ठिपक्यांआधीचे सारवण

रांगोळीचे ठिपके नीट उठून दिसावेत, तर अंगण आधी सारवून घ्यावे लागते. काचेच्या पट्टीवर प्रथिनांचे हजारो ठिपके मांडणाऱ्या संशोधकांनाही गेल्या पाव शतकात हाच धडा गिरवावा लागला आहे. ‘प्रोटीन मायक्रोअ‍ॅरे’ अर्थात प्रथिन-चिपची चर्चा होते ती ठिपक्यांच्या संख्येवरून. ठिपक्यांखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लेपाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक चिपने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे अनेकदा तो लेपच ठरवतो.

चिपचे काम समजायला सोपे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशी साडेसात सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद काचपट्टी घ्यायची. यंत्राच्या बारीक सुया तिच्यावर वेगवेगळ्या प्रथिनांचे ठिपके उमटवतात. त्यावर रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव सोडला, की त्यातील प्रतिपिंडे आपापले प्रथिन ओळखून त्याला बिलगतात. पट्टी धुऊन चमकणाऱ्या रंगाच्या साह्याने लेसरखाली वाचली जाते. जो ठिपका उजळला, त्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात आहे, असा अर्थ काढला जातो.

आणि नाही उजळला तर? खरी मेख इथे आहे. प्रतिपिंड रक्तात नसेल, किंवा ठिपक्यातील प्रथिनच बिघडलेले असेल. रिकाम्या ठिपक्याचे हे दोन अर्थ बाहेरून सारखेच दिसतात.

प्रथिनाच्या आधी चिपवर बसला तो डीएनए. त्याचा धागा सर्वत्र ऋणभारित असतो. काचेवर धनभारित पॉलिलायसिनचा थर दिला, की धागा त्याला धरून बसतो आणि वाळला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. प्रथिनांचे तसे नाही. प्रत्येकाची घडी वेगळी, विद्युतभार वेगळा आणि काम त्या घडीवरच अवलंबून. अंड्यातील पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, कारण त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. प्रतिकूल पृष्ठभागावर चिकटलेल्या प्रथिनाची गत, उष्णतेविनाही, काहीशी तशीच होऊ शकते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये पॉलिलायसिनच्याच पट्ट्यांवर प्रतिपिंड आणि त्याचे लक्ष्य अशा ११५ जोड्या तपासल्या. ठिपक्यात लक्ष्य-प्रथिन ठेवले, तेव्हा सुमारे निम्म्यांनी विश्वसनीय मोजमाप दिले. प्रतिपिंडेच ठिपक्यात ठेवली, तेव्हा हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. लेप एकच असताना एक प्रथिन टिकते आणि दुसरे कोलमडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

हार्वर्डच्या गॅविन मॅकबीथ आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी २००० मध्ये निराळी वाट घेतली होती. त्यांनी काचेवर अल्डिहाइडचा लेप दिला. प्रथिनांतील अमाइन गटांशी तो पक्का रासायनिक बंध जुळवतो. ठिपका वाळून प्रथिन मरू नये म्हणून द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल मिसळले. एका पट्टीवर एकाच प्रथिनाचे १०,७९९ ठिपके आणि त्यांत दुसऱ्या प्रथिनाचा एकच ठिपका मांडून, तो एकटा नेमका हुडकून दाखवला. मात्र या बंधाला दिशा नसते. प्रथिन ज्या बाजूने ओळखले जायचे, तीच बाजू काचेकडे वळून बसली, तर ते सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते. येल विद्यापीठात मायकेल स्नायडर यांच्या गटाने २००१ मध्ये यीस्टची सुमारे ५,८०० प्रथिने एका पट्टीवर बसवली, ती निकेलच्या लेपावर. प्रत्येक प्रथिनाच्या एका टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेली होती. निकेल ती शेपटीच पकडते, त्यामुळे उरलेला देह मोकळा राहण्याची शक्यता वाढते.

पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे जेमतेम दहा-वीस अमिनो आम्लांचे तुकडे, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. प्रथिनाची घडी मोडण्याची भीती इथे फारशी नाही. पण पेप्टाइड इतके आखूड, की ते लेपातच गाडले जाते. म्हणून त्याला एका टोकाने बांधून, मध्ये लांबट दुवा देऊन पृष्ठभागापासून वर उचलावे लागते. शिकागो विद्यापीठात मिलन मर्क्सिच यांच्या गटाने २००२ मध्ये सोन्याच्या पातळ थरावर एथिलीन ग्लायकॉलच्या शेपट्या असलेल्या रेणूंची एकपदरी बैठक अंथरली आणि तिच्यावर पेप्टाइड रोवून, कर्करोगाशी संबंध असलेल्या एका किनेज विकराची क्रियाशीलता मोजली. ही बैठक पाणी धरून ठेवते आणि आगंतुक प्रथिनांना थारा देत नाही.

आगंतुकांचा हा बंदोबस्त रक्ततपासणीत कळीचा आहे. एक लिटर सीरममध्ये ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात, त्यांतील निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन. शोधायचे प्रतिपिंड त्या गर्दीत कणभर. गर्दी मोकळ्या जागेवर चिकटली, तर सगळी पट्टीच अंधूक चमकू लागते. नायट्रोसेल्युलोजचा सच्छिद्र लेप भरपूर प्रथिन सामावून घेतो, हा त्याचा मोठा गुण. पण लेसरखाली तो स्वतःच थोडा चमकतो. सर्वगुणसंपन्न लेप अद्याप सापडलेला नाही, हे या क्षेत्रातील उघड सत्य आहे.

मुंबईला हा विषय परका नाही. पवईच्या आयआयटीतील प्रयोगशाळेने मेंदूतील ग्लायोमा या गाठीच्या रुग्णांच्या सीरममध्ये स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधण्यासाठी हजारो मानवी प्रथिनांच्या अशा चिप वापरल्या आहेत. असे संकेत इस्पितळातील नित्याच्या चाचणीत आणायचे, तर एकाच नमुन्याने आज आणि सहा महिन्यांनी, इथे आणि अन्यत्र सारखेच उत्तर द्यायला हवे.

तिथे लेपाचे आयुष्यही मोजावे लागते. अमाइनशी बंध जुळवणारे एनएचएस एस्टरसारखे लेप हवेतील ओलाव्यानेही निकामी होतात. म्हणून अशा पट्ट्या सीलबंद, थंड आणि कोरड्या ठेवतात आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज फोडत नाहीत, अन्यथा थंड काचेवर दव धरते. जुलैतील मुंबईच्या हवेत तर या नियमाला सवलत देण्याची सोयच नाही.