तिबोटी खंड्याचा फोटो, फ्लॅशशिवाय

पाऊस कोकणात स्थिरावला की रायगडच्या ओढ्यांकाठी तिबोटी खंड्या दिसू लागतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा हा पक्षी. पोट पिवळंधमक, पाठ निळी-काळी, डोक्यावर जांभळट झाक आणि चोच लालभडक. रायगडचा हा जिल्हा पक्षी. जून ते सप्टेंबर हा त्याच्या विणीचा हंगाम, आणि फोटोसाठी सर्वांत कमी उजेडाचे दिवसही हेच. वर ढग, खाली गर्द झाडी. मग कॅमेऱ्यावर फ्लॅश चढतो. पण फोकस आणि एडिटिंगवर हात बसला, तर इथे फ्लॅशची गरजच उरत नाही.

आधी फोकस. पक्ष्याच्या फोटोत नजर पहिल्यांदा डोळ्यावर जाते. तो धूसर असेल तर बाकी सगळं फुकट. ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ/५.६ अ‍ॅपर्चर आणि पाच मीटर अंतर असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट येणारा पट्टा असतो सुमारे तीन सेंटिमीटरचा. खंड्याची चोच आपल्याकडे रोखलेली असली की डोळा स्पष्ट येतो, पण चोचीचं टोक विरघळतं. तो आडवा वळेपर्यंत थांबावं. मग चोच, डोळा आणि खांदा त्याच पट्ट्यात बसतात. फोकस पॉइंट एकच निवडून डोळ्यावर ठेवावा. निवड कॅमेऱ्यावर सोडली तर तो हमखास पुढचं ओलं पान पकडतो. डोळा ओळखणारे नवे कॅमेरेही दाट पानोळ्यात फसतात.

आता उजेड. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंदाचा शटर लागत नाही. ट्रायपॉड लावून १/१२५ वर आलं की सेन्सरला आठपट प्रकाश मिळतो आणि आयएसओ १२८०० वरून थेट १६०० वर उतरतो. खंड्या मान वरखाली करत राहतो, म्हणून सलग आठ-दहा फ्रेम घ्याव्यात. त्यांतली एखादी तरी स्थिर निघते.

फ्लॅशने हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण दुसरा उभा राहतो. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे पक्षी लख्ख, मागचं रान काळंकुट्ट आणि पावसाळी दुपारची रात्र होते. भर उन्हात पोटाखालची सावली उजळायला एक-दोन स्टॉप कमी केलेला फ्लॅश उपयोगी पडतो, हे खरं. घरट्यापाशी मात्र तो मुळीच नको. खंड्या ओढ्याच्या मातीच्या दरडीत बोगदा खोदून अंडी घालतो. चोचीत सापसुरळी किंवा बेडूक घेऊन आलेला पक्षी आत शिरण्याआधी जवळच्या फांदीवर बसून अंदाज घेतो. समोर माणसांची गर्दी आणि लखलखाट असेल, तर तो भक्ष्य चोचीत धरून तसाच बसून राहतो. तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. कोणत्याही फोटोपेक्षा त्यांचा तो घास मोलाचा आहे.

उरलेलं काम संगणकावर करायचं. त्यासाठी फोटो रॉ फाइलमध्येच काढावा. पानांतून झिरपलेल्या उजेडाची हिरवट छटा पोटाच्या पिवळ्यावर चढते. व्हाइट बॅलन्समधला टिंट किंचित मॅजेंटाकडे नेला की मूळ रंग परत येतो. नॉइज आधी कमी करावा, शार्पनिंग नंतर, आणि तेही मास्क लावून फक्त पक्ष्यावर. पार्श्वभूमी मऊच राहू द्यावी. क्रॉप करताना पक्षी ज्या बाजूला पाहतो तिकडे मोकळी जागा सोडावी.

एडिटिंगलाही मर्यादा आहे. चुकलेला फोकस दुरुस्त करून देणारं नवं सॉफ्टवेअर पिसांचे बारकावे अंदाजाने रचतं. पक्ष्याचा फोटो ही अभ्यासकांसाठी नोंदही असते. पुढे कुणी त्याच पिसांवरून ओळख पटवणार असेल, तर रचलेलं पीस म्हणजे खोटी साक्ष. म्हणून डोळा धूसर आला असेल तर फोटो सोडून द्यावा.

सरावासाठी खंड्याच हवा असं नाही. जास्वंदीवर येणारा शिंजीर, कुंपणावरचा दयाळ पुरेसे आहेत. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात त्यांच्यावर १/१२५ चा हात बसवावा आणि मगच पावसाळी रानाची वाट धरावी, फ्लॅश घरी ठेवून.